मास्तरांना बरं वाटतंय

सोमवार, ३ जून. सकाळी सव्वानऊ. पोटमाळ्यावर वळकटी सोडली आणि लगेच लिहायला बसलो. शिंप्याच्या हाताखाली काम, वर राहायला फुकट जागा. आठवीत शाळा सुटलेल्याला आणखी काय हवं? पुढे दुकान, मागे मास्तरांचं घर. काकूंनी चहा दिला आणि बजावलं की मास्तरांची पाठ धरली आहे, त्यांना त्रास द्यायचा नाही.

गुरुवार, ६ जून. मास्तर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजलेले असतात. पाठ दुखणारा माणूस कूस बदलताना कण्हतो. हे कूसच बदलत नाहीत. ताट गेलं तसं परत येतं. गिऱ्हाइकाने चौकशी केली की काकू हसून सांगतात, "राजेसाहेबांचा दरबार अजून भरायचाय." गिऱ्हाईकही हसतं. मधली भिंत पातळ आहे. आत सगळं ऐकू जातं.

मंगळवार, ११ जून. दुपारी काकू बाजारात गेल्या असताना मागे मशीन चालू झाल्याचा आवाज आला. मला आनंद झाला, म्हणून डोकावलो. सुईत दोरा नव्हता. मास्तर कोटाच्या कापडावर नुसती भोकं पाडत होते, ओळीला लागून ओळ, सगळ्या सरळ. माझ्याकडे पाहिलं, पण मी दिसलो असं वाटलं नाही. म्हणाले, झोप येत नाही, भूक लागत नाही, आणि हे हात दुसऱ्याच कुणाचे वाटतात.

काकूंना सांगितलं, डॉक्टरांना दाखवू. त्या म्हणाल्या, हातीपायी धड माणसाला डॉक्टर काय करणार, मन रमवायला हवं. मग मोरीत गेल्या आणि नळ सोडून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

शनिवार, १५ जून. मास्तर उठले! दाढी केली. मी केलेली काजं उंदराने कुरतडल्यासारखी आहेत म्हणाले, आणि हसले. काकूंचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. समोरच्या वाण्यालाही सांगून आल्या, मास्तरांना बरं वाटतंय. मला मात्र कसंसंच होतं आहे. का, ते कळत नाही.

रविवार, १६ जून. न शिवलेली कापडं मास्तर स्वतः घरोघर परत करून आले. नवं काम घेत नाहीत. काकू म्हणतात, विश्रांती घेणार असतील. कापड परत करताना शिंप्याचा चेहरा पडतो. यांचा पडला नाही.

सोमवार, १७ जून. दुपार. मास्तरांनी मला स्वतःची कात्री दिली. शिंपी आपल्या कात्रीला पोटच्या पोरालाही हात लावू देत नाही. म्हणाले, मला आता लागणार नाही. माझ्या गालावर थोपटलं. हात गार होता.

काकूंपाशी बोलायला गेलो तर त्यांनी माझं तोंडच दाबलं. तो शब्द काढू नकोस, त्यांच्या डोक्यात भरेल— पण डोक्यात आधीच—

दोन वाजले. काकूंना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टरीणबाईंना घेतल्याशिवाय येऊ नका. मोठ्या माणसावर ओरडलो, पहिल्यांदाच. मास्तरांच्या दाराला आतून कडी. हाका मारतो आहे. ओ नाही.

खांद्याने दार— दोनदा— कडी निघाली.

जिवंत आहेत. खाटेवर बसले आहेत. सरळ विचारलं, "मास्तर, जीव द्यायचं मनात आहे का?"

म्हणाले, "हो. कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं."

उपदेश केला नाही. येतही नाही. शेजारी बसलो आहे. माझी बाही घट्ट धरली आहे त्यांनी. लिहू का, विचारलं. म्हणाले, लिही हवं तर, पण उठू नकोस.

दुकानाचं दार वाजलं— काकू— बरोबर कुणी आहे की एकट्याच— पावलं एकाच माणसाची वाटतात—

मास्तर उठायला बघतात. बाही सुटली— मी मनगट धरलं आहे— एका हाताने आवरत नाहीत, दुसराही लावायचा तर पेन—