लाल रेघेबाहेरचे चेहरे

प्रिय योगिता,

बोर्डीतल्या समस्त चिकूंविरुद्ध मी जाहीर तक्रार करणार आहे. विष्णूकाका गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण पिशवीभर कच्चे चिकू आणतो, आणि ते सगळे तीन दिवसांपूर्वी संगनमताने एकदम पिकले. आता मी दारोदार चिकू वाटतोय, आणि गावाला वाटतं, दुःखाने याचं डोकं फिरलं. फिरलं असतं तर बरं होतं. तुझ्या वतीने मी शेजाऱ्याने अग्नी दिला तेव्हाही माझ्या डोक्यात एवढंच होतं, की चप्पल नक्की कुठे काढली.

तू टोरांटोहून फोनवर म्हणालीस, "दर्शन, मला बाबांचा चेहराच आठवत नाहीये. एक नीट फोटो पाठव." आवाज असा, की जणू गॅसचा नंबर लावतेयस. मी हो म्हटलं आणि फसलो.

काकांनी केलेलं सगळं इथे आहे. तरुणपणीची ती काळी-पिवळी चित्रं, जी बघून मुंबईच्या समीक्षकांनी 'अवकाश' हा शब्द झिजवला. नाटकांची नेपथ्यं, लाकडी ठसे, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन (तुम्ही जेवलात ते त्याच्यावर), शाळेच्या भिंतीवरचं सिमेंटचं शिल्प, ज्याला पोरं अजून 'फुटका नळ' म्हणतात. मग चाळिशीत कॅमेरा, आणि तलासरीकडचे पाडे. पण फक्त हात, पाठी, टाचा. चेहरा दिसला की लोक चित्र बघायचं सोडून माणूस बघतात, हे त्यांचं तत्त्व. त्यातून स्वतःलाही सूट नाही. तुझ्या लग्नात ते कॅमेऱ्यामागे, पुरस्काराच्या फोटोत गुच्छामागे. उरलं आधार कार्ड. त्यात ते वाडीत चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात.

परवा झरीहून नवशी आली, बुधीची मुलगी. बुधी म्हणजे त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोतले भात लावणारे हात. नवशीला मी चिकू पुढे केले, तर म्हणाली, "ठेव तुलाच." मग ओट्यावर बसून म्हणाली (काकांना पाड्यावर सगळे बाबाच म्हणत), "बाबानी आयेला सांगलं होतं, फोटो देईन. दिला नाय. आय पण गेली. हाताचा नको हां, तोंडाचा दे." मी म्हटलं, तोंडाचे ते काढतच नव्हते. "काढला," ती म्हणाली, "मी होती ना तिथं."

म्हणून पेट्या उघडल्या. निगेटिव्हवरून काढलेल्या चिमुकल्या प्रतींच्या पानांवर सगळ्यांचे चेहरे आहेत, योगिता. काका माणूस अख्खा टिपायचे आणि मग लाल पेन्सिलीने चौकट आखून त्याची मान उडवायचे. बुधी चिखलात उभी, दात दाखवून हसतेय. लाल रेघ मनगटापाशी. आणि पुढच्याच फोटोत काका. वाकडे, अर्धं कपाळ गायब, कोपऱ्यात बोटाची सावली. कॅमेरा बुधीच्या हातात दिला असणार. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यावर लाल फुली.

लाल रेघेबाहेरचं छापायचं नाही, हा तुमच्या घरचा कायदा. डहाणूच्या स्टुडिओत मी दोन्ही फोटो अख्खे छापून घेतले. "शेठ, लाइटवाली फ्रेम देऊ? हार फ्री," स्टुडिओवाला म्हणाला. साधी घेतली.

तुझा फोटो या पाकिटात आहे. फोनवर पाठवला असता तर तू अंगठ्याने वर सरकवून पुढे गेली असतीस, म्हणून हे पत्र त्याच्याभोवती गुंडाळायला लिहिलंय. बघून रडू आलं तर मला कळव; मला अजून आलेलं नाही. बुधीचा काल झरीला पोचवला. नवशीने पदराने काच पुसली. मी खिळा-हातोडीचं विचारलं, तर म्हणाली, "बस तू. खिळा हाय." घराच्या मधल्या खांबावर होता, गंजून काळा पडलेला. काकांनी फोटो कबूल केला, त्याच दिवशी बुधीने ठोकून घेतला होता.

तुझाच,
दर्शन