रिकाम्या बाकांचा जल्लोष

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा मुलींची हॉकी माझ्याच गळ्यात. फुटबॉलला कॉमेंटेटरांची फौज. हॉकीला मैदानाच्या खांबावर आपोआप वळणारा एक कॅमेरा, आणि इथे पिट्सबर्गच्या कोंदट खोलीत पडद्यासमोर मी एकटी. मॅच चाललीय तीन तासांवरच्या लॉरेल रिज कॉलेजात. बाकांवर जेमतेम डझनभर माणसं — पण कानात काय जल्लोष!

त्यात एका माणसाचा खणखणीत आवाज — "टिली, पुढे ये! पुढे ये, पोरी!" टिली वायगंड लॉरेल रिजची गोलकीपर. ती पुढे आली, चेंडू अडवला. मी माइकवर सहज बोलून गेले, "टिलीचे बाबा आज जोरात आहेत हं!"

१४ सप्टेंबर

स्टुडिओत फोन. टिलीची आई, मार्गिट. म्हणाली, "बाई, तिचे बाबा मागच्या मार्चमध्ये गेले. काल तुम्ही कुणाला पाहिलंत?"

मी कुणालाच पाहिलं नव्हतं. तेच सांगितलं.

१६ सप्टेंबर

शुक्रवारचं रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. बाकांवर कुणी तोंडच उघडत नाहीये! एक बाई ब्लँकेट पांघरून सँडविच खातेय. आणि आवाज — स्वच्छ.

रॉसला, आमच्या प्रोड्यूसरला, गाठलं. तो हसला. "अगं, गर्दीचा आवाज आपणच घालतो. रिकाम्या मैदानाची शांतता ऐकायला कोण बसणार? जुन्या मॅचेसमधून कापून ठेवलाय."

"लॉरेल रिजच्याच?"

"असेल. हॉकी ती हॉकी."

म्हणजे त्या माणसाने जिवंतपणी मारलेली हाक.

मार्गिटला कळवलं. वाटलं, चिडेल. तिने हळूच विचारलं — "येत्या शुक्रवारीही तो आवाज असेल का?"

२० सप्टेंबर, शुक्रवार

होता. दोनदा! दुसऱ्यांदा तर टिली गोलात नव्हतीच. गुडघ्याला बर्फ लावून बाहेर बसली होती. "टिली, पुढे ये! पुढे ये, पोरी!" — आणि गोलात दुसरीच मुलगी. पुढची वाक्यं कशी बोलले, देव जाणे.

मार्गिटचा फोन. आज कोबी घालून नूडल्स केल्या होत्या, त्यांच्या आवडीच्या. टीव्हीचा आवाज मोठा करून जेवली म्हणे. टिलीला यातलं काही सांगितलेलं नाही.

२३ सप्टेंबर

झोप धड नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

टिलीला कळलं. मैत्रिणीने मॅच दाखवली. मला स्वतः फोन केला. "माझ्या बाबांना कापून चिकटवलंय तुम्ही. काढा."

"अगं, पण तुझी आई —"

"आई दर शुक्रवारी दोन ताटं मांडते! माहितेय तुम्हाला?"

माहीत नव्हतं. रॉसला सांगितलं, आजच काढ. फार वेळ घातला नाही त्याने. एक बटण दाबलं, झालं. मार्गिटला सांगायचं मात्र माझ्यावरच आलं. ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवायलाच विसरली. पलीकडे घड्याळ ऐकू येत होतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

त्या जागी रॉसने फुटबॉलची गर्दी घातली! एका साध्या पासवर ऐंशी हजार माणसं गरजतायत आणि पडद्यावर तीच डझनभर, हात खिशात घालून. मला सहन होईना. माइकवर सरळ म्हणाले, "हा जल्लोष खरा नाही. इथे मोजकी माणसं आहेत, आणि या पोरी त्यांच्यासाठी जीव तोडून खेळतायत."

मॅचनंतर रॉस आत आला. ओरडला नाही — त्याचीच जास्त भीती वाटली.

"दमलीस तू, नदीन. पुढच्या शुक्रवारी घरीच राहा."

"मग बोलणार कोण?"

"त्याची नको तुला काळजी."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

घरीच. कपडे धुतले, सूप केलं. टीव्ही लावला नाही. दिवसभर कुणाशी एक शब्दही बोलले नाही.

संध्याकाळी मार्गिटचा फोन. "बाई, आज किती छान बोललात! टिलीने तो शेवटचा चेंडू अडवला तेव्हा तुमचा गळा दाटून आला ना? मला कळलं."