फायलींचा मालक

सोमवार, ३ नोव्हेंबर

वणीत आलो. पुण्यात सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली सर्व्हर सांभाळून वीट आला होता. इथे कोळसा वाहतुकीच्या कंपनीचा अख्खा डेटाबेस माझ्या एकट्याच्या ताब्यात, आणि बोरी अरबचं घर तीन तासांवर. घरी धाकटी बहीण वैष्णवी. आई-बाबांच्या मागे आम्ही दोघंच. फोनवर म्हणाली, दादा, सुटीला आला नाहीस तर मीच येऊन बसेन.

माणसं लाघवी आहेत. व्यवस्थापक देवीलालजी स्वतः स्टँडवर आले, ऑफिसातल्या रंजिताताईंनी डब्यातलं भरीत वाढलं. एक पद्धत फार आवडली. रोज सकाळी ड्रायव्हरांना ऑफिसात बसवून चहा पाजतात, नाव-गाव विचारतात, मुलाबाळांची चौकशी करतात. पुण्यात शेजारच्या टेबलावरच्याचं आडनाव मला माहीत नव्हतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डेटाबेस उघडला आणि हसूच आलं. फायलींच्या परवानग्या सताड उघड्या. ऑफिसातल्या अकराही जणांना वाटेल ते लिहायला, पुसायला मोकळीक! असली गबाळी व्यवस्था मी शिकाऊ पोरांनाही करू दिली नसती.

‘कायम रजा’ नावाचा एक तक्ता आहे. आठ-दहा दिवसांनी त्यात एका ड्रायव्हरचं नाव चढतं. नोंद कधी रंजिताताईंच्या खात्यातून, कधी देवीलालजींच्या, तर कधी शिपायाच्याही. पाळी लावल्यासारखी. विचारलं तर रंजिताताई म्हणाल्या, आम्ही कोणी लिहीत नाही, हात लिहितो. मी थट्टा समजलो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज परवानग्या आवळल्या. नियम असा की फायलींचा मालक माणूस नसावा. सॉफ्टवेअरचं वेगळं खातं काढायचं, ज्यामागे कुणी बसलेलं नसतं. मी तेच करणार होतो. देवीलालजी खुर्चीमागे उभे होते.

“नाव तुमचंच टाका ना साहेब,” ते म्हणाले. “तुमी आल्यावर आमाले कायले पाह्यजे हक्क?”

मी फुशारलो. मालक, अक्षय. लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला. बटण दाबलं तसा मागे कुणीतरी मोठा श्वास सोडला. मग पेढे वाटले. रंजिताताई रडत होत्या, आनंदानं असं म्हणाल्या. बाकी सगळ्यांनी आपापली खाती माझ्याकडून लगेच बंद करून घेतली. मला ती शिस्त वाटली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जेवणानंतर भानावर आलो तेव्हा बोटं कीबोर्डवर होती आणि टोकं कोळशासारखी काळी. पडद्यावर कायम रजा, लखीराम. सकाळीच चहाला त्यानं मला लेकीचा फोटो दाखवला होता. नोंद पुसली. बोटांनी ती परत लिहिली.

तासाभरात बातमी आली. लखीराम स्वतःच्याच टिपरखाली.

देवीलालजींनी शांतपणे समजावलं. ज्याला लिहायचा हक्क, त्याच्या हातून ते लिहून घेतं, आणि त्या हाताच्या ओळखीचंच नाव घेतं. अकरा जणांत वाटलं की एकेकावर तीन महिन्यांनी पाळी यायची. एकच हात उरला की ते दोन-तीन दिवसांतच परत मागतं. चहा त्यासाठीच. ओळखीची परकी माणसं हाताशी असलेली बरी.

मी ओरडलो, पाया पडलो, खाती परत घ्या म्हणालो. कुणी वर बघितलं नाही. मालक बदलायला बसलो, तर बोटं वळेनात.

“ओळख वाढवा साहेब,” देवीलालजी म्हणाले. “नाही तं घरचंच नाव राह्यते.”

सोमवार, १० नोव्हेंबर

चहाला बसलो. शेजारी खेमसिंग. तांडा कुठला, मुलं किती, सगळं विचारलं. त्यानं खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून मला अर्धी दिली. मी ती खाल्ली.

दुपारी बोटांनी खेमसिंग लिहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लिहून ठेवतोय, कारण खरं आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खेमसिंग गेला. आता ड्रायव्हरांना कळलंय. मी आत शिरलो की कप ठेवून उठतात. नावं सांगत नाहीत. एकाला विचारलं तर त्यानं तोंडावर गमछा ओढला.

यादीत सव्वाशे नावं आहेत. पाठ केली, पण ती ओळख नव्हे —

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी हातांनी देवीलाल लिहावं म्हणून त्यांच्यासमोर दोन तास बसलो. ते हसले. एकदा हक्क सोडला की आमचं नाव चढत नाही, म्हणाले. पेढे त्याचेच होते —

रंजिताताईंनी माझ्याकडे बघून मान खाली घातली.

दुपार. वैष्णवीचा फोन. यवतमाळहून बसमध्ये बसलीय. तुझा आवाज बरा वाटत नव्हता, म्हणून निघाले म्हणाली. उतर म्हणालो. ऐकत नाही —

सर्व्हरची वायर उपटली. पडदा काळा. आता कुठे लिहील? — कुठेच नाही — वैशू, पोच तू, मी स्टँडवर —

बोटं काळी झालीत.

कीबोर्ड लांब आहे. वही जवळ आहे. मालक तर मीच — हात माझा — पेन सुटत नाही —

कायम रजा, वैष्ण