शेऱ्याचा रकाना

ठाणे, रविवार, १६ जानेवारी १८८७

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी घात झाला. पाद्रीबाबांनी सेसिलियाचं लग्न तिसऱ्यांदा पुकारलंच नाही! दोन रविवार पुकारलं, आज नाव गाळलं — म्हणजे लग्न अडलं. नवरामुलगा गॅब्रिएल मान खाली घालून उभा. मिसेची प्रार्थना संपल्यावर त्याचा बाप व्हॅलेरियन देवळाच्या अंगणात, सगळ्यांदेखत — "बाई, तुम्ही धर्ममाता ना तिच्या? बाप्तिस्म्याची वही बघून आलोय. बाप वर्षभर समुद्रावर, आणि घरात पोर! एवढं गणित आम्हांलाही येतं."

तिची आई फेलिशिया तिथेच मातीत बसली.

१७ जानेवारी

पाद्रीबाबांकडे गेले. म्हणे, "'बाप वर्षभर समुद्रावर' ही नोंद नव्हे, बाई. शेजारच्या रकान्यातली नुसती कॉमेंट आहे." नुसती! वही दाखवेनात — किल्ली कारकुनाकडे, कारकून मुंबईला.

१८ जानेवारी

पाद्रीबाबांना पत्र धाडलं. कॉमेंट म्हणजे खुलासा, टीप — हे आजचं. पण सिस्टरने छडीखाली शिकवलेलं लॅटिन अजून विसरले नाही. मूळ शब्द 'कॉमेंटम'. मनाने रचलेली गोष्ट. बनाव!

पुढे लिहिलं: फेलिशियाच्या नवऱ्याचं, सिल्वेस्टरचं गलबत पावसाळाभर बंदरात होतं. चार महिने तो घरी. सप्टेंबरात गेला, परतलाच नाही — बुडाला. सेसिलिया लगेच पुढच्या एप्रिलातली. आता करा गणित! हा शेरा कुठल्या रिकामटेकड्याचा? नाव हवं. लेखी. शनिवार २९ तारखेच्या आत.

२१ जानेवारी

सेसिलिया आली. हातातला लग्नाचा चुडा उतरवलेला. "माझं राहू द्या, बाई. आई पाच दिवस जेवली नाही, तेवढं बघा." देवळात फेलिशियाच्या बाकावर आता कोणी बसत नाही म्हणे.

२४ जानेवारी

कारकून आला. वही पाहिली.

जुनी वही वाळवीने खाल्ली, म्हणून एकाहत्तर साली नक्कल केली ती मीच. अकराशे नावं. हे काही विसरले नव्हते. शेरा मागाहून कोणी घुसडला, एवढंच धरून चालले होते. पण नोंदीचं नि शेऱ्याचं अक्षर एकच, माझंच. गोल, कॉन्व्हेंटातलं.

शाळेची सवय — रकाना मोकळा सोडवेना. बापाची सही का नाही, ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून भरला. सिल्वेस्टरला समुद्रावर जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. फेलिशिया चार घरं पलीकडे राहायची. विचारलं नाही. 'वर्षभर' लिहून टाकलं.

पाद्रीबाबांनी वही मिटली.

२५ जानेवारी

स्वतःस —

शनिवार, २९ जानेवारी, संध्याकाळच्या घंटेच्या आत लेखी उत्तर दे. फेलिशियाला आधी, मग व्हॅलेरियनला. तिसरी प्रत देवळाच्या दारावर. पूर्ण नावानिशी, सहीसकट.