पंधरवड्यातला जनरेटर

२ सप्टें. २००६
ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. आणि शिनोलीत वीज! आहे म्हणेपर्यंत गेली. मग सिलिंडर लावा, तो संपला की मंचरला पळा. सगळी हयात दगडाच्या खाणीत गेली, छातीत नुसती धूळ. आता घरी जनरेटर हवाच.

५ सप्टें.
जुन्नरला जाऊन आले. दुकानातले चाचा म्हणाले, "इन्व्हर्टर नका घेऊ ताई, तो चार्ज व्हायला तरी लाईट पाहिजे ना!" रॉकेलवरचा स्वस्त, पण धूर. ह्यांच्यापायी मी चूल बंद केली, आता धूर विकत आणू? डिझेलचा हलवायलाच चार माणसं. पेट्रोलचा छोटा ठरवला. पुण्याहून मागवायचाय.

८ सप्टें.
जनरेटर आल्याचा निरोप. आणि थोरले दीर आडवे. "पितृपंधरवडा लागला. ह्यात आपण खिळासुदीक इकत घेत न्हाई. दसऱ्याला आणू, पूजा करून."
दसऱ्यापर्यंत श्वास काय उसना आणायचा? ह्यांच्याकडे बघितलं. "दादा... म्हणतो... तसं." झालं! लई संताप आला. जेवले नाही.

१५ सप्टें.
लाईट गेली ती आलीच नाही. दुपारी सिलिंडर संपला. शेजारच्यांची जीप दुसरा घेऊन येईपर्यंत ह्यांचे ओठ जांभळे. माझं मनगट धरलेलं, सोडेनात. मी वारा घालतेय. दादा देवापुढे बसलेले.
पुरे आता.

१६ सप्टें.
कुणाला न विचारता जुन्नर. चाचांनी बाजूला काढून ठेवला होता. "ह्या दिवसांत तुमच्यातलं कोणी दुकानाची पायरी चढत न्हाई ताई. घरी कोण लई आजारी हाय का?" चारचौघांत रडू फुटलं.
जीपवाल्याने अंगणात उतरवून दिला. दादांनी हातसुद्धा लावला नाही. नारळ नाही, कुंकू नाही. दोरी ओढली, सुरू झाला. हे झोपले. किती दिवसांनी नीट झोपले.

२२ सप्टें., सर्वपित्री
पानं वाढली. सासऱ्यांच्या, अण्णांच्या नावाचा घास पत्र्यावर ठेवला आणि लाईट गेली. सिलिंडर कालच मंचरला भरायला गेलाय. जनरेटर लावला.
त्या धडधडीने एक कावळा फिरकेना. घास शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. भाऊबंद ताटकळलेले. दादा म्हणाले, "जरा बंद कर. अण्णा दारात येऊन उपाशी चाललेत."
"आणि हे?"
"धा मिनटानं काय व्हतंय?"
धा मिनटानं काय होतं ते मी पाहिलंय. म्हटलं, दर्भाचा कावळा करून शिवा. तर म्हणे, खरे कावळे गावात असताना खोटा कशाला! जाऊबाई, "पंधरवड्यात आणलं, दुसरं काय व्हणार!"
तेवढ्यात आतून हे. "बंद... कर... अण्णा..." नाकातली नळी स्वतःच काढायला लागले. मी परत बसवली. हातावर चापट मारली ह्यांच्या. आजारी माणसाला मारलं मी.
जनरेटरपाशी पाट टाकून बसलेय, इथेच लिहितेय. कोणाला जवळ येऊ देणार नाही. दादा समोर उभे. कावळा आंब्यावर येऊन बसलाय, खाली उतरत नाही. टाकीत पेट्रोल थोडंच उरलंय. लाईट अजून आलेली नाही.