चेंडू लागलेला डोळा

प्रिय आत्या,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही. ओळी मला दोन-दोन दिसतात, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मी चष्मा का घालवायला निघाले ते तुला ठाऊक आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण उचललं की काचांवर वाफ, आणि पुसेपर्यंत खाली लागलेलं. मुली मला 'धुकंमावशी' म्हणायच्या. लेझर करू या म्हटल्यावर तूच म्हणालीस, चल, मी येते सोबत. आलीसही. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर तपासून सांगितलं, कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ आहे, अगदी काठावर. डोळे चोळायची सवय आहे का? आहे, म्हटलं. घरात कुणाला या पडद्याचा आजार? असेल तर लेझरने तो आणखी पातळ करणं धोक्याचं, मी हातच लावणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मी तुझ्याकडे बघून हसले आणि सांगितलं, आजारबिजार काही नाही, लहानपणी माझ्या बाबांनी या आत्याच्या डोळ्यावर चेंडू मारला, तेवढंच. तू शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून पर्सची चेन लावत होतीस.

त्यांनी लेझर केलं. सुरुवातीला लख्ख दिसलं. मग गॅसच्या एका ज्योतीच्या तीन दिसायला लागल्या. पडदा पुढे फुगत चाललाय. औषधाचे थेंब घालून, किरण सोडून तो घट्ट करणार आहेत, म्हणजे आहे तेवढं टिकेल. गेलेलं परत येईलच असं नाही. डॉक्टरीणबाईंना शंका आली म्हणून परवा त्यांनी तुलाही मशीनसमोर बसवलं. तुझ्या दुसऱ्या, धडधाकट म्हणून मिरवलेल्या डोळ्यातही तोच आजार निघाला, जुना. चेंडू काय दोन्ही डोळ्यांना लागला होता?

जिन्यात गाठलं तेव्हा कबूल केलंस की तरुणपणीच कळलं होतं. अपघात म्हटलं की लोक हळहळतात, आजार म्हटलं की चार हात लांब राहतात, म्हणून चेंडूच राहू दिला. आणि वर मलाच सांगितलंस, आता उगाळून काय उपयोग? तेव्हाचं मी समजू शकते. तू पोरसवदा होतीस, आजोबांचा धाक होता. त्या खुर्चीत तुला कुणाचा धाक होता? केस पिकले तुझे. एक शब्द बोलली असतीस तर मी जन्मभर आनंदाने काचा पुसल्या असत्या. तुझा इतका संताप येतो, आणि त्याच वेळी रडूही येतं, कारण आई गेल्यावर माझं सगळं तूच केलंस. म्हणूनच जास्त चीड येते.

तरी नुसत्या माझ्या डोळ्यांसाठी हे पत्र लिहिलं नसतं. समोर येऊन भांडले असते. काल बाबा आले होते. तुझ्या आजाराचं त्यांना अजून काहीच माहीत नाही. ज्या माणसाने आम्हा भावंडांना अंगणात कधी चेंडू खेळू दिला नाही, तो माझ्या डोळ्यांत थेंब घालून भिंतीकडे बघत म्हणाला, बहिणीचा डोळा मी घालवला, त्याची फेड माझ्या लेकीला करावी लागतेय. मी त्यांना खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडून ऐकलं तर पोरगी मन राखायला बोलतेय असंच त्यांना वाटेल. रविवारी ते दिवसभर इथे आहेत. ये. माझी माफी मागत बसू नकोस, त्यांच्यासमोर बस आणि सांग. ते तुला वाटेल ते बोलले तरी मी मध्ये पडणार नाही. आणि चिडायचं सोडून ते तुझ्या दुसऱ्या डोळ्याचीच काळजी करायला लागले, तर तेही तुला खाली मान घालून ऐकावं लागेल.

तुझीच, अजून तरी,
भाची