मुक्ताचा गळपट्टा

ब्रह्मपुरी, मार्गशीर्ष वद्य पंचमी

परवा माझी लेक मुक्ता नोकरीसाठी शिमल्याला निघणार, आणि गोल सुईवर नळीसारखा बंद विणलेला तिचा दुरंगी गळपट्टा आज तिच्या डोक्यावरून खालीच उतरेना! नक्षी देखणी, पण आतून एका टाक्यापासून दुसऱ्याकडे मोकळे जाणारे रंगीत धागे मी आवळलेले. संस्कृतात एम.ए. केलं, सैल सोडणं कुठे शिकले?

शेजारच्या शकीलाबाई शिवण टाकून आल्या.

"बाई, धागा काऊन इतका आवळून राह्यल्या? पोरगी पयून जाऊन राह्यली का?"

सगळा उसवला. मग त्यांनी नक्षी आत, धागे बाहेर ठेवून विणायला लावलं. बाहेरच्या मोठ्या वळणावर धागा आपोआप सैल पडतो! संध्याकाळपर्यंत चार बोटं झाला, ताणला तर छान ताणतोय. उद्या पुरा होईल. होईलच.

त्यांची शिवण दिवसभर पडून राहिली. आणि मी आभार मानायचे सोडून म्हणाले काय, तर "तुमचा चहा गार झाला."